पेन्सिल सेलवर चालणारा कोडॅक एफझेड४५ : ट्रेकसाठी घ्यावा का?

चार-सहा दिवसांच्या ट्रेकसाठी स्वस्तातला कॅमेरा घेताना मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, तो चालतो कशावर. सोनीचा डब्ल्यू८३० आणि कॅननचा इक्सस १८५ दोन्ही छोटे, हलके आणि कामाचे. पण एका बॅटरीवर साधारण २१० फोटो, तेही कंपनीच्या मोजणीप्रमाणे. ती संपली की तिच्याच मापाची दुसरी लागते, आणि ती पायथ्याच्या गावात मिळत नाही. कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ मध्ये दोन साधे पेन्सिल सेल (एए मापाचे) बसतात. सॅकमध्ये टाकायला आम्ही हाच सुचवतो, तो मुख्यतः यासाठी.

मात्र सेल कुठलाही चालतो असं समजू नका. टपरीवर मिळणारे, घड्याळात आणि रिमोटमध्ये घालायचे स्वस्त सेल इथे उपयोगाचे नाहीत. लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो. तेवढा हे सेल देऊ शकत नाहीत. पाच-दहा फोटोंत कॅमेरा बंद पडतो, कधी कधी लेन्स बाहेर असतानाच. तशी अडकली तर बोटाने आत ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. चांगले सेल घालून कॅमेरा परत चालू-बंद केला की ती बहुतेक वेळा आपोआप आत जाते.

घ्यायचे ते २००० एमएएचच्या आसपासचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) सेल, कमी गळतीचे, म्हणजे न वापरता ठेवले तरी चार्ज टिकवणारे. चार पुरतात. जोड्या करून मार्करने त्यांच्यावर 'अ' आणि 'ब' लिहा; भरलेला आणि अर्धा रिकामा सेल एकत्र घातला की जोडी लवकर संपते. अडीनडीला अल्कलाइन चालतो, पण थंडीत लवकर मान टाकतो. हिवाळ्यात केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला जाणार असाल तर लिथियमचे पेन्सिल सेल घ्या. महाग पडतात आणि रिचार्ज होत नाहीत, पण एकाचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास आणि थंडीचा त्यांना फारसा फरक पडत नाही.

आता फोटोंबद्दल. १६ मेगापिक्सेल, ४ पट झूम, ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २७ (सगळ्यात रुंद) ते १०८ मिमी (पूर्ण झूम). दिवसाच्या उजेडात दरी, तटबंदी, माणसं स्वच्छ येतात. पण सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ मिमी रुंद, त्यामुळे आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा वाढवतो ती संवेदनशीलता) ४०० च्या वर गेला की दाणे दिसू लागतात. गुहेतला मुक्काम, शेकोटी, चांदण्यांचं आकाश यासाठी मधल्या किमतीचा फोनसुद्धा याच्यापेक्षा सरस आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. कॅमेरा घ्यायचा तो फोनची बॅटरी नकाशा, टॉर्च आणि अडचणीतल्या फोनसाठी राखून ठेवायला.

यात ऑप्टिकल स्थिरीकरण नाही. झूम पूर्ण ताणला की लेन्सही प्रकाश कमी घेते, म्हणून संध्याकाळी लांबचा सुळका टिपायला गेलात तर तो हलतोच. दगडावर कॅमेरा टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. डिजिटल झूम मेनूतून पहिल्याच दिवशी बंद करा. तो फक्त चित्र कापून मोठं करतो.

धुक्यातले फोटो करडे येतात, कारण कॅमेरा पांढरं दिसलं की उजेड कमी करतो. पी (प्रोग्राम) मोडमध्ये एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +०.७ करा, बर्फातही तेच. धबधब्याचं पाणी पांढरंफटक पडत असेल तर उलट, -०.७. कोकणकड्यासारखा अर्धगोल कडा २७ मिमीत सगळा मावत नाही. कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग येईल असे पाच-सहा फोटो काढा आणि घरी जोडा.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, एसडीएचसी लिहिलेलं. एवढ्यात काही हजार फोटो बसतात. निघण्याआधी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. 'कार्ड लॉक्ड' असं काही दिसलं तर घाबरू नका: कार्डाच्या डाव्या कडेला नखाएवढी खिटी असते, आत घालताना ती खाली सरकते. वर ढकलली की झालं.

पावसाळ्यात मात्र हा कॅमेरा नकोच. अंगावर पाण्यापासून कसलंच संरक्षण नाही आणि पुढे येणाऱ्या लेन्सच्या फटीतून ओल आणि वाळू दोन्ही आत शिरतात. जून ते सप्टेंबर फिरणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे घालून याच कंपनीचा डब्ल्यूपीझेड२ बघावा. तो १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि २ मीटरवरून पडला तरी टिकेल असा बांधलेला आहे. पण तो पेन्सिल सेलवर नाही, स्वतःच्या मापाच्या रिचार्जेबल लिथियम-आयन बॅटरीवर चालतो, म्हणजे जास्तीची बॅटरी आलीच. इतर ऋतूंत एफझेड४५ झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. थंडीतून तंबूत आल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर लेन्सवर आतून बाष्प धरतं.

कोडॅकचं नाव जेके इमेजिंग ही कंपनी परवान्याने वापरते, त्यामुळे वॉरंटी आणि दुरुस्ती कोण करणार हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. दुकानात स्वतःचे भरलेले सेल घेऊन जा. झूम पाच-सहा वेळा मागे-पुढे करा. करकर आवाज येता कामा नये. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर फोटो काढून पडद्यावर मोठा करा. काळा ठिपका दिसला तर आत धूळ आहे, दुसरा नग मागा. आणि खालचं सेलचं झाकण चार वेळा उघडून लावा. स्प्रिंगचा सगळा दाब त्या प्लास्टिकच्या खिळीवर असतो. ती सैल वाटली तर तो नग घेऊ नका.