गुण देणारी कार पॉलिसी: काही महिने वापरून काय कळलं

माझी गाडी फारशी फिरत नाही. कमी फिरणाऱ्याचा हप्ता कमी असावा ही अपेक्षा रास्त वाटली, म्हणून नेहमीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी सोडून मोबाइल अ‍ॅपवाली घेतली. फोनमधला जीपीएस आणि हालचाल टिपणारा सेन्सर यांच्या आधारे हे अ‍ॅप प्रत्येक फेरीला 100 पैकी गुण देतं. वेग, ब्रेक, वळणं, चालवताना फोनला लावलेला हात, आणि रात्री किती उशिरा गाडी बाहेर होती, हे सगळं त्यात येतं. गुण चांगले राहिले की रिन्यूअलला सूट.

पहिले काही आठवडे गुणांचं भूत डोक्यावर बसतं. त्याचा फायदाही झाला. पुढच्या गाडीपासून अंतर राखायची सवय लागली, कारण अंतर असलं की ब्रेक करकचून लावावाच लागत नाही. पण अ‍ॅपला फक्त धक्का कळतो, त्यामागचं कारण कळत नाही. समोर पोर धावत आलं म्हणून दाबलेला ब्रेक आणि फोनमध्ये डोकं घातल्यामुळे उशिरा दाबलेला ब्रेक, दोन्हींना तेवढीच शिक्षा. पिवळा दिवा लागला की ‘थांबलो तर गुण जातील’ असा विचार मनात येतो, आणि हे मला खरोखर धोक्याचं वाटतं. बसमधून गेलो तरी माझ्या नावावर फेरी लागायची. ‘मी चालक नव्हतो’ असं दरवेळी सांगत बसायचं. बॅटरी संपते ती वेगळीच. आपण कधी कुठे जातो याची पूर्ण नोंद विमा कंपनीकडे राहते, हे ज्याला खटकतं त्याने या वाटेला जाऊच नये.

पण खरा धडा गुणांमुळे मिळाला नाही. घरातला मुलगा नुकताच गाडी शिकला, त्याचं नाव चालक म्हणून पॉलिसीत घातलं आणि हप्ता असा उसळला की मी इतक्या सांभाळून मिळवलेली सूट त्यात कुठल्या कुठे गेली. कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नवशिक्या तरुण चालकांचे अपघात जास्त होतात, हे जगभरच्या आकडेवारीत दिसतं, आणि विमा म्हणजे शेवटी आपल्यासारख्या इतरांनी काय केलं त्याचा हिशोब. कुठला फरक या हिशोबात धरायचा हे मात्र कायदा ठरवतो. युरोपीय न्यायालयाच्या 2011 च्या निकालामुळे 21 डिसेंबर 2012 पासून युरोपीय संघात नव्या पॉलिसीचा हप्ता स्त्री-पुरुष पाहून ठरवता येत नाही. वय मात्र चालतं.

मग इतर कंपन्यांचे दर मागवून बघितले, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. एकाच मॉडेलच्या साध्या आणि वरच्या व्हेरियंटच्या हप्त्यात चांगलीच तफावत होती. वरच्या व्हेरियंटची किंमत जास्त हे एक कारण. दुसरं म्हणजे पुढच्या काचेमागे कॅमेरा, बंपरमध्ये सेन्सर. काच फुटली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पूर्वी डेंटिंग-पेंटिंगवर निभावणारी धडक आता इलेक्ट्रॉनिक्सच्या बिलापर्यंत जाते. सुरक्षेची साधनं अपघात टाळतात हे खरं, पण झालाच तर दुरुस्ती महाग करतात. गाडी रात्री कुठे उभी असते, त्या भागात चोऱ्या किती होतात, यानेही दर हलतो.

आपल्या हातात काय उरतं? डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला स्वतः सोसायचा भाग. तो वाढवला तर हप्ता लगेच उतरतो. मात्र तेवढी रक्कम वेळेला खिशात असेल तरच वाढवावा. आणि क्लेमचा इतिहास. फ्रान्समध्ये तर याचं गणित नियमानेच बांधलेलं आहे: मूळ हप्त्याला एका गुणांकाने गुणतात; अपघाताविना वर्ष गेलं की हा गुणांक 5 टक्क्यांनी उतरतो, आपल्या चुकीने अपघात झाला की 25 टक्क्यांनी चढतो, 0.50 च्या खाली जात नाही, 3.50 च्या वर चढत नाही. इतरत्र नो क्लेम बोनसचे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सुटीचे, टप्पे वेगळे असतात, पण रोख तोच. म्हणून बंपर घासला तेव्हा मी क्लेम न करता खिशातून दुरुस्ती केली. आधी बोनस किती जाईल ते विचारून घेतलं, मग गॅरेजचं बिल त्याशेजारी ठेवलं.

आणि किलोमीटर. कॅलिफोर्नियात 1988 साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार हप्ता ठरवताना आधी चालकाची नोंद, मग वर्षाचं अंतर, मग अनुभवाची वर्षं बघावी लागतात. मला हा क्रम पटतो. माझ्या हप्त्यातही गुणांपेक्षा किलोमीटरनेच जास्त फरक पडला.

अ‍ॅपला पाचपैकी तीन. रोज लांबचा प्रवास किंवा रात्रपाळी असेल तर घेऊ नका. रात्रपाळीवाल्याचे गुण त्याचा दोष नसताना जातात. गाडी बहुतेक उभीच असेल तर विचार करा, पण आधी एक गोष्ट विचारून घ्या: कंपनी बदलली तर हे गुण सोबत नेता येतात का? कंपनी बदलताना माझा नो क्लेम बोनस सगळ्यांनी मान्य केला, अ‍ॅपमधले गुण मात्र कुणीच विचारात घेतले नाहीत. रिन्यूअलला मी फक्त किलोमीटर मोजणारी साधी पॉलिसी घेतली आहे. तिला ओडोमीटरचा फोटो पाठवला की पुरतं.