विचारायचं की मोजायचं?

आरोग्य पाहणीत माणसाच्या शब्दावर विसंबायचं, की यंत्रावर? रक्तदाबापुरता मी यंत्राच्या बाजूचा. ‘बीपी आहे का?’ विचारलं की कोल्हापुरात ‘छे, कायबी न्हाई’ हे उत्तर येतं, आणि ते प्रामाणिकही असतं. दंडाला कधी पट्टाच बांधला नाही, तर कळणार कसं? म्हणूनच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रश्न विचारून वर रक्तदाब तीनदा मोजला गेला. उंची-वजनाचंही तसंच: सांगताना उंची वाढते, वजन घटतं.

मिठाचं तर बोलायलाच नको. तांबड्या रश्श्यात, खर्ड्यात किती पडलं हे खाणाऱ्याला काय ठाऊक! चोवीस तासांची लघवी तपासली की बराचसा अंदाज येतो, पण दिवसभर बाटली घेऊन हिंडायला तयार कोण?

मिसरीची गोष्ट वेगळी. सासूबाई शेजारी असताना सून ‘नाही’च म्हणणार. लाळेतलं कोटिनीन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, ते उघडं पाडतं, पण गेल्या काही दिवसांपुरतंच. पूर्वी सोडलेली सवय त्यात दिसत नाही. आणि कंबरदुखी, उदासी मोजणारा पट्टा नाही. तिथं विचारावंच लागतं, शक्यतो एकांतात.