नेट स्लो आहे: प्लॅन वाढवू, राउटर बदलू की कनेक्शनच बदलू?

घरचं नेट रखडायला लागलं की सगळ्यात आधी डोक्यात येतं ते प्लॅन वाढवायचं, कारण ते सोप्पं आहे, ॲप उघडायचं, १०० मेगाबिटचा २०० करायचा, पैसे भरायचे, झालं. गेल्या महिन्यात डोंबिवलीहून ताईचा फोन आला तेव्हा ती २०० वरून ३०० वर जायला निघाली होती. भावजी आतल्या बेडरूममध्ये बसून ऑफिसचे कॉल घेतात, भाचीचे क्लास हॉलमध्ये, आणि रात्री नऊला टीव्हीवर नुसतं गोल चक्र फिरत बसतं. "अरे, प्लॅन वाढवू, नवीन राउटर घेऊ की हे कनेक्शनच बंद करून दुसरं घेऊ?" असं तिने विचारलं. मी म्हटलं ताई, आत्ता कुठेच पैसे भरू नकोस, रविवारी येतो.

त्या रविवारी जे सापडलं, आणि गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या घरी, सासऱ्यांकडे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडे जे सापडत आलंय, त्यावरून लिहितोय. कारण हे तिन्ही पर्याय आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त चुकीच्या दुखण्याला चुकीचं औषध दिलं की पैसे जातात आणि चक्र तसंच फिरत राहतं.

ठरवायच्या आधी तीन आकडे काढा. पहिला, राउटरमधून लॅपटॉपला लॅन केबल (नेटची वायर) लावून, वायफाय बंद करून स्पीड टेस्ट. दुसरा, मोबाईल घेऊन राउटरपासून दोन पावलांवर उभं राहून, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (राउटरचे वायफाय सहसा दोन पट्ट्यांवर असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ). तिसरा, जिथे त्रास होतो त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून. आणि हे सगळं एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ ते अकराच्या मध्ये, त्या वेळी घरातल्यांना दहा मिनिटं टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायला सांगा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर शेजाऱ्याचा लॅपटॉप आणा, पण केबलवरचा आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. आणि एक लक्षात ठेवा, प्लॅनमध्ये लिहिलेले असतात मेगाबिट आणि डाउनलोड करताना स्क्रीनवर दिसतात ते बहुतेक वेळा मेगाबाइट, ८ बिटचा १ बाइट, म्हणजे १०० च्या प्लॅनला सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसत असतील तर तुमचं नेट एकदम ठणठणीत आहे.

ताईकडे प्लॅन २०० चा, आणि केबलवर आकडा आला ९४. दुपारी ९४, परत घेतला तर ९४, रात्रीसुद्धा ९४. असा एकाच जागी खिळलेला आकडा दिसला की मी कंपनीकडे बघतच नाही, कारण १०० वर अडकलेल्या पोर्टमधून किंवा केबलमधून प्रत्यक्षात ९४-९५ च बाहेर येतात. फायबरच्या डब्यातून राउटरला जाणारी हातभर लांबीची केबल काढली आणि तिचा पारदर्शक जॅक खिडकीच्या उजेडात धरला, तर आत चारच रंगीत तारा. आठ हव्यात. चार तारांवर १०० पर्यंतचंच चालतं, त्याच्या वर जायचं तर चारही जोड्या लागतात. स्टेशनजवळच्या दुकानातून दीडशे रुपयांची कॅट ६ ची तयार केबल आणली, लावली, १९३. त्या घरात दीड वर्ष २०० चे पैसे भरले जात होते आणि घरात येत होते ९४, मला खरंच वाईट वाटलं. केबल ठीक असेल तर राउटरचा पोर्ट बघा, बऱ्याच स्वस्त राउटरला अजूनही १०० चेच पोर्ट असतात, बॉक्सवर 'गिगाबिट' लिहिलेलं नसेल तर तोच समजा. अशा राउटरवर ३०० काय नि ५०० काय, केबलवर ९५ च येणार.

आता प्लॅन विरुद्ध राउटर. साध्या घराला लागतं किती ते बघा. ४के पिक्चरला साधारण १५ मेगाबिट, एचडीला ५, व्हिडिओ कॉलला ३-४. दोन टीव्ही, दोन कॉल, चार मोबाईल सगळं एकदम चालू धरलं तरी ६०-७० च्या वर जाणं अवघड. म्हणून माझं स्पष्ट मत, चार-पाच माणसांच्या घराला १०० पुरतात, आणि १०० असून अडकत असेल तर प्लॅन वाढवून ते सुटायची शक्यता फार कमी. प्लॅन वाढवणं बरोबर कधी? ३०-४० चा प्लॅन आहे आणि माणसं चार आहेत तेव्हा, किंवा व्हिडिओ एडिटिंग, मोठमोठ्या फाइली रोज वर पाठवणं असलं काम घरात असेल तेव्हा. किंवा बिलाच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच स्लो होतं, नवा महिना सुरू झाला की परत पळायला लागतं, तर डेटाची मर्यादा संपतेय. फायबरच्या मोठ्या प्लॅनना ती बऱ्याचदा ३.३ टीबी (म्हणजे साधारण ३३०० जीबी) असते, साध्या घराला ती संपत नाही, पण लोकल प्लॅनला खूप कमी असू शकते, ॲपमध्ये वापर बघून घ्या.

केबलवर पूर्ण स्पीड आणि खोलीत रडगाणं, हे सगळ्यात जास्त घरांत असतं, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे फायबर लावायला येणारा मुलगा वायर जिथून आत येते तिथेच डबा ठोकतो, म्हणजे मेन दरवाज्याच्या वर, माळ्याजवळ नाहीतर टीव्हीच्या मागे. त्याचं काम तिथे संपतं. मग तिथून आतल्या बेडरूमपर्यंत दोन भिंती, एखादा आरसीसी कॉलम, लोखंडी कपाट, आणि ५ गिगाहर्ट्झ तिथपर्यंत पोचत नाही. मोबाईल आपोआप २.४ वर जातो, आणि २.४ वर बिल्डिंगमधल्या सगळ्यांची गर्दी. ताईच्या बेडरूममध्ये मोबाईलला एकवीस वायफाय दिसत होते. २.४ ला एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, एकवीस घरं त्यात कोंबायची, वर किचनमधला मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात. तिथे आकडा आला १८. (वायफायच्या नावापुढे '५जी' दिसतं त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे, यात खूप जण फसतात.)

यावर चार उपाय आहेत. एक, राउटर हलवणं, फुकट, घराच्या मधोमध, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला, कपाटात किंवा टीव्हीमागे नाही. वन बीएचकेला बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. दोन, एक्सटेंडर, म्हणजे वायफाय पुढे ढकलणारा छोटा डबा, हजार-दीड हजाराचा, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. हा मी कुणाला सुचवत नाही. स्वस्तातला एक्सटेंडर ज्या पट्ट्यावर घेतो त्याच पट्ट्यावर पुढे देतो, म्हणून स्पीड जवळपास अर्धा होतो, आणि लोक तो लावतात नेमका जिथे सिग्नल मेलाय तिथे, मग मेलेलाच सिग्नल पुढे जातो. मोबाईलवर दांड्या फुल दिसतात आणि पान उघडत नाही. तीन, मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन डब्यांचा सेट साधारण पाच-सहा हजारांपासून पुढे. घर मोठं असेल, थ्री बीएचके किंवा गावाकडचं दुमजली, तर मेश खरंच चांगला, फिरताना कॉल तुटत नाही, सगळीकडे एकच नाव राहतं. पण दुसरा डबा अर्ध्या वाटेवर ठेवायचा, शेवटच्या खोलीत नाही, आणि जमलं तर दोन डब्यांच्या मध्ये केबल टाकायची.

चौथा उपाय माझा आवडता, केबल ओढणं. कॅट ६ ची केबल मीटरला वीस-पंचवीस रुपये, १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, आणि बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलमधून बेडरूमला टीव्हीच्या वायरसाठी पाइप भिंतीत आधीच टाकलेला असतो. इलेक्ट्रिशियन तासाभरात ओढून देतो. टोकाला जुना राउटर लावायचा, जो प्रत्येकाच्या माळ्यावर एखादा तरी असतोच, फक्त केबल त्याच्या लॅन पोर्टला लावायची, वॅनला (जिथे बाहेरून नेट येतं त्या पोर्टला) नाही, त्याच्या सेटिंगमधलं डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम) बंद करायचं आणि त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मेन राउटरपेक्षा वेगळा करायचा. झाला तुमचा दुसरा वायफाय. ताईकडे हेच केलं, तिच्या जुन्या कनेक्शनचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) राउटर धूळ खात पडला होता. बेडरूममध्ये १८ चे १४० झाले, खर्च केबल-मजुरी धरून सातशे. भाड्याचं घर असेल, मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर मेश घ्या, निघताना बरोबर नेता येतो. स्वतःचं घर असेल तर केबल.

आता कनेक्शन बदलायचं कधी. केबलवरचा दुपारचा आकडा चांगला आणि रात्रीचा अर्धा-पाव, आणि हे आठवडाभर रोज, तर दोष तुमच्या घरात नाही, कंपनीच्या वरच्या लाइनवर गर्दी आहे. याला घरातला कुठलाही डबा उपयोगी नाही. आणि दिवसरात्र कमी असेल, मध्येच तुटत असेल, तर आधी लाइन बघा. सासऱ्यांकडे साताऱ्याला असंच होतं, पावसाळ्यापासून नेट येतंय जातंय, तिथल्या ऑफिसने चार वेळा तक्रार 'सोडवली' म्हणून बंद केली. फायबरच्या डब्याचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडून आरएक्स पॉवर (वायरीतून डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद, डीबीएममध्ये) बघितली तर उणे २९. साधारण उणे १५ ते उणे २५ मध्ये असावी, उणे २७ च्या पलीकडे गेली की तुटायला लागतं. गॅलरीत गेलो तर काळी बारीक वायर खिळ्याला घट्ट तीन वेढे देऊन बांधलेली, वर कपड्यांचा चिमटा. काचेच्या तंतूला असं दुमडलं की आतला उजेड बाहेर गळतो. वेढे सोडले, हाताच्या पंज्यापेक्षा मोठा गोल करून ठेवला, उणे २१. त्यांनी तोवर कनेक्शन बदलायचा फॉर्म भरून ठेवला होता.

लाइनही ठीक आणि रात्रीच मार खात असेल तर बदला, पण कुणाकडे? लोकल केबलवाल्याचा मोठा फायदा माणूस आहे, बिल्डिंगखाली त्याचं दुकान असतं, फोन केला की मुलगा संध्याकाळपर्यंत येतो, गणपतीतसुद्धा येतो. तोटा असा की काही ठिकाणी अजून गच्चीगच्चीवरून लॅन केबल आणि गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच (लाइन घराघरांत वाटणारा डबा), पाऊस आणि विजेला घाबरून असतो तो, आणि संध्याकाळी गर्दीला पुरेल एवढी वरची लाइन प्रत्येकाने घेतलेली असेलच असं नाही. त्याच्याकडे घरापर्यंत फायबर असेल तर मात्र मी त्याला मोठ्या कंपनीच्या बरोबरीने धरतो. मोठ्या कंपनीचं वरचं जाळं जास्त दमदार असतं, पण बिघडलं की तुम्ही आणि एक तिकीट नंबर.

तिसरा पर्याय गच्चीवरचा ५जी अँटेना, एअरफायबर. एअरटेलने हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत आणलं, जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला, पुणे-मुंबईसह आठ शहरांत. जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे हे वरदान आहे, तालुक्याच्या गावी मी हेच सांगतो. पण नावात फायबर असलं तरी शेवटचा टप्पा हवेतून येतो, टॉवरवर गर्दी वाढली की स्पीड उतरतो, आणि साध्या प्लॅनला डेटा फायबरपेक्षा कमी मिळतो, म्हणून दारात फायबर येत असेल तर फायबरच घ्या. घरच्या सीसीटीव्हीला बाहेरून थेट जोडायचं असेल किंवा कुणी गेम सिरीयसली खेळत असेल तर आणखीच.

कुठलंही घेण्याआधी जाहिरात वाचत बसू नका, तुमच्याच बिल्डिंगमध्ये ते कनेक्शन असलेलं घर शोधा आणि त्यांच्याकडे रात्री साडेनऊला केबलवर टेस्ट करा. शेजारच्या बिल्डिंगचा आकडा चालणार नाही, लाइन वाटणारा डबा वेगळा असू शकतो.

आणि फक्त परदेशातल्या साइट्स किंवा अमेरिकेतल्या मुलाशी कॉलच रखडत असेल, बाकी सगळं पळतंय, तर थोडे दिवस थांबा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडे असंच झालं होतं, तेव्हा घरचा राउटर बदलून काही होणार नव्हतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला असंही खूप जण सांगतात, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघायला हरकत नाही, पान उघडायला जरा चटकन सुरुवात होते, पण डाउनलोडचा स्पीड त्याने वाढत नाही.

तक्रार करायचीच तर फोनवर भांडू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, रात्रीच्या केबल टेस्टचे सात दिवसांचे स्क्रीनशॉट ठेवा, तिथे दाद नाही लागली तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे (अपील ऐकणाऱ्यांकडे) जा, ते लोक कॉल सेंटरपेक्षा गांभीर्याने घेतात, आणि तरी नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नवीन कनेक्शन घ्यायचं ठरलंच तर पहिल्यांदा एकाच महिन्याचं भरा, वर्षाचे पैसे भरल्यावर दोन महिने फ्री म्हणतात त्याला लगेच हो म्हणू नका, आणि जुनं आठ-दहा दिवस चालू राहू दे, त्यात एक शनिवार-रविवार आणि निदान एक आयपीएलची किंवा भारताची मॅच आली पाहिजे, खरी परीक्षा त्याच रात्री होते. ताईने ३०० चा विचार सोडलाय, पुढच्या बिलापासून ती २०० वरून १०० वर येणार आहे, मी तिला म्हटलंय की भावजींचा महिनाअखेरचा रिपोर्ट जाऊ दे, मग बदल.