अडतीच्या दुकानाची साईट आणि लेट्स एन्क्रिप्ट: साडेआठ महिन्यांचा अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात आमचं अडतीचं दुकान आहे. सोयाबीन आणि तूर हा मुख्य माल. शेतकऱ्याला त्याची पट्टी मोबाइलवर दिसावी म्हणून मी एक छोटी साईट केली. माल किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, उचल किती बाकी, सगळं त्यात. माणूस किती उचल घेऊन बसलाय हे त्याच्या भावकीलाही कळू नये अशी गोष्ट असते, आणि आमच्या साईटवर ती वर्षभर उघड्या पोस्टकार्डासारखी जात होती. ब्राउझर वर ‘सुरक्षित नाही’ असं लिहीत होता, ते खरंच होतं. हे मला फार लागलं, म्हणून गेल्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून आलो आणि कामाला बसलो: माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये यासाठी साईटला जे डिजिटल प्रमाणपत्र लागतं, ते लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून घ्यायचं.

पहिला प्रयत्न दुकानातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर केला, तो फसला. लेट्स एन्क्रिप्ट प्रमाणपत्र फुकट देतं, पण डोमेन, म्हणजे साईटचं नाव, तुमचंच आहे का ते आधी तपासतं. सर्व्हरवर एक खुणेची फाईल ठेवायची आणि त्यांनी ती बाहेरून पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या उघड्या जोडणीच्या दारावर, येऊन वाचायची, अशी पद्धत. आमच्या ब्रॉडबँडवाल्यांनी एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडला तरी बाहेरचा माणूस आमच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. तासात पाच वेळा तपासणी फसली की पुढची विनंती थांबवतात, तेही तिथेच कळलं. आधी ‘ड्राय-रन’ने सराव करावा, त्याने खऱ्या मर्यादेला धक्का लागत नाही. डीएनएस, म्हणजे साईटचं नाव कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगणारी यादी, तिच्यातल्या नोंदीतून तपासणी करून घेता आली असती, पण पत्ताच सामायिक असेल तर शेतकरी साईटवर येणार कुठून? शिवाय लाईट गेली की सगळंच बंद. शेवटी भाड्याने छोटा सर्व्हर घेतला, १ जीबी मेमरीचा. एवढ्या कामाला तो पुरून उरतो.

त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, साईट दाखवणारा एन्जिनएक्स आणि प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट. ब्राउझरमध्ये साईटला कुलूप लागायला वीस मिनिटंही लागली नाहीत. दोन चुका मात्र सांगतो. पोर्ट ८० असुरक्षित म्हणून मी तो बंदच करून टाकला होता, आणि सराव-नूतनीकरण लगेच फसलं. तो उघडा ठेवायचा आणि येणाऱ्याला तिथून ४४३ वर, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या दारावर, पाठवायचं. सर्व्हरच्या आतली फायरवॉल आणि भाड्याच्या पॅनेलमधली फायरवॉल, दोन्हीकडे बघा. दुसरी चूक म्हणजे एन्जिनएक्सला मी नुसतं आपलं प्रमाणपत्र दिलं, ‘फुलचेन’ फाईल, म्हणजे ते मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या मधल्या दुव्यासकटची साखळी, दिली नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरने साखळीतला मधला दुवा स्वतःच शोधून आणला, म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं. औशाच्या एका शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र इशारा आला, तेव्हा कळलं. फक्त आपल्या कॉम्प्युटरवर बघून काम झालं असं मानू नका.

आता खरा प्रसंग. डिसेंबरात, येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, तोंडावर आलेली, सकाळी सातला फोन आला: “मालक, साईट उघडंना बघा. कनेक्शन खाजगी नाही म्हणायलंय.” अर्ध्या तासात असे सहा-सात फोन. मी सर्टबॉटला विचारलं, तर तो म्हणतो प्रमाणपत्र ठणठणीत आहे, आणखी साठ दिवस चालेल. ब्राउझर म्हणतो मुदत संपली. दोघंही खरंच बोलत होते. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि महिनाभर उरला की सर्टबॉट नवं आणतो. त्याने नोव्हेंबरातच आणून डिस्कवर ठेवलं होतं. एन्जिनएक्सला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तो सुरू होताना वाचलेलं जुनंच प्रमाणपत्र महिनाभर दाखवत राहिला आणि ९० दिवस भरल्यावर अडकला. सर्टबॉटने माझ्या एन्जिनएक्सच्या फाईलींना हात लावू नये म्हणून मी वेबरूट पद्धत घेतली होती (तिच्यात सर्टबॉट फक्त खुणेची फाईल साईटच्या फोल्डरात ठेवतो, एन्जिनएक्सला काही सांगत नाही), तिची ही बाजू मी वाचली नव्हती.

उपाय एका ओळीचा: एन्जिनएक्स रीलोड, म्हणजे त्याला फाईली पुन्हा वाचायला लावणं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून सर्टबॉटच्या रिन्यूअल-हुक्समधल्या डिप्लॉय फोल्डरात दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली. नवं प्रमाणपत्र आलं की ती आपोआप रीलोड करते. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. जानेवारी, मार्च आणि मे, तिन्ही वेळा मला हात लावावा लागला नाही. मुदत संपत आली की ईमेल येईल या भरवशावर मी होतो, पण लेट्स एन्क्रिप्टने ते ईमेल जून २०२५ पासून बंदच केलेत. आता माझा घरचा कॉम्प्युटर रोज सकाळी बाहेरून साईटला मुदत विचारतो आणि वीस दिवसांच्या खाली गेली की मला आणि दादाला मेसेज करतो. डिस्कवरची तारीख विचारू नका, जोडणीवर जी मिळते ती विचारा.

त्या सकाळी एचएसटीएस, म्हणजे ही साईट ठरलेल्या मुदतीत फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायची असा ब्राउझरला दिलेला हुकूम, लावलेला असल्याने शेतकऱ्यांना इशारा ओलांडून पुढे जाताच आलं नाही. दादा चिडला, “निदान आत जाऊ तरी द्यायचं होतंस.” मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आज आमच्या साईटवर इशारा ओलांडायची सवय लागली, तर उद्या बँकेच्या नावाच्या बनावट साईटवरही बोट तसंच चालेल. त्या बनावट साईटलाही कुलूप असू शकतं, हे मी दुकानात येणाऱ्या पोरांना सांगत असतो. कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच. नव्याने लावणाऱ्यांनी मात्र एचएसटीएसची मुदत आधी पाच मिनिटांची ठेवावी, सगळं नीट चाललं की वर्षाची करावी.

वेगात फरक पडेल ही भीती होती. पण टीएलएस, म्हणजे ही सुरक्षित जोडणी करायची पद्धत, तिच्या १.३ या आवृत्तीत जोडणीआधीची एक फेरी वाचते, रेंज कमी असलेल्या शिवारातही कुणाची तक्रार आली नाही. १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मी बंदच ठेवल्यात.

पूर्ण समाधान एका बाबतीत नाही. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र ओळखत नाहीत. त्या फोनांना माहीत असलेल्या दुसऱ्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने त्यांचं चालत होतं, तो आधार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. आमच्याकडे असे चौघे आहेत. त्यांच्यासाठी साईट पुन्हा उघडी करायला माझं मन होत नाही. रेणापूरकडचे एक मामा दर आठवड्याला येतात, त्यांची पट्टी मी आदल्या रात्रीच छापून गल्ल्यात ठेवतो.