साधा, मेडिकेटेड की विरघळणारा: स्टेंट निवडताना

स्टेंट म्हणजे अरुंद झालेली हृदयधमनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवलेली बारीक जाळीची नळी. साधा धातूचा स्टेंट 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रथम माणसाच्या हृदयधमनीत बसवला गेला. फुग्याने रुंद केलेली धमनी लगेच मिटण्याचा धोका त्याने कमी केला. मात्र जखम भरताना आतल्या थरातील पेशी जाळीतून वाढत आणि 20 ते 30 टक्के रुग्णांत तीच जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई.

ही वाढ रोखणारे औषध जाळीवर चढवलेले मेडिकेटेड स्टेंट 2002-03 पासून वापरात आले. पहिल्या पिढीत, बसवल्यावर वर्षभरानंतरही, स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती होती आणि 2006 च्या सुमारास त्यावर मोठी चर्चा झाली. आजच्या एव्हरोलिमस किंवा झोटॅरोलिमस या औषधांच्या स्टेंटना ती जुनी शंका चिकटवणे योग्य नाही, कारण पूर्वीच्या 130-140 मायक्रॉनऐवजी त्यांच्या तारा 80-90 मायक्रॉन जाडीच्या आहेत आणि त्यांच्यावर पेशींचे अस्तरही लवकर चढते.

विरघळणाऱ्या स्टेंटची कल्पना मोहक होती. काम झाल्यावर धमनीत परके काही उरूच नये, असा तिचा हेतू होता. पण ‘ॲबसॉर्ब’ या प्रमुख स्टेंटच्या तारा जाड होत्या, त्यात गुठळीचे प्रमाण अधिक आढळले आणि 2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळूनही 2017 मध्ये त्याची विक्री थांबली. ‘नवा म्हणून चांगला’ एवढ्याच भरवशावर हा प्रकार निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा बहुतेकांसाठी निवड नव्या मेडिकेटेड स्टेंटपाशीच येते. खरा कस लागतो तो गोळ्यांबाबत. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर सामान्यतः सहा महिने, आणि हृदयविकाराचा झटका आला असल्यास वर्षभर, घ्यावे लागते. या गोळ्या मनानेच बंद करणे जिवावर बेतू शकते. पोटात पूर्वी रक्तस्राव झाला असेल किंवा लवकरच एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हे डॉक्टरांना स्टेंट बसवण्यापूर्वीच सांगावे. अशा रुग्णांना पूर्वी साधा स्टेंट सुचवला जाई. आता काही मेडिकेटेड स्टेंटनंतरही दोन्ही गोळ्यांचा काळ एक ते तीन महिन्यांपर्यंत आणता येतो, म्हणून साध्या स्टेंटचे ते कारणही उरलेले नाही.

झटक्याच्या वेळी अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करून स्टेंट बसवणे) जीव वाचवते आणि तेव्हा विलंब नको. चालताना छातीत दुखते पण आजार स्थिर आहे, अशा अनेक रुग्णांत मात्र स्टेंटने दुखणे कमी होते, आयुष्य वाढतेच असे दिसलेले नाही. तेथे आधी औषधांची पुरेशी संधी द्यावी का, हे विचारण्यात संकोच नको. मधुमेह असून तिन्ही धमन्यांत अडथळे असतील, तर बायपासचा पर्याय आवर्जून चर्चेत घ्यावा.

भारतात फेब्रुवारी 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. तेव्हा ती साध्यासाठी 7,260 आणि मेडिकेटेडसाठी 29,600 रुपये होती व पुढे बदलत गेली. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहून घ्यावेत व स्टेंटचे कार्ड फाइलमध्ये जपून ठेवावे.