'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट': कंपनीने नाकारलेला अल्बम

शिकागोच्या विल्को या रॉक बँडने २००१ मध्ये 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' पूर्ण करून रिप्राइझ या कंपनीकडे सोपवला, तेव्हा कंपनीने तो काढायला नकार दिला. बँडने गाण्यांना हात लावू दिला नाही, रेकॉर्डिंगचे हक्क घेऊन तो बाहेर पडला, आणि सप्टेंबरमध्ये सगळी गाणी आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवली. एप्रिल २००२ मध्ये अल्बम ननसच या कंपनीने काढला. या दोन्ही कंपन्या वॉर्नर समूहाच्याच असल्याने एकाच मालकाने या गाण्यांसाठी दोनदा पैसे मोजले.

हा वाद बाजूला ठेवूनही अल्बम तितकाच ऐकण्याजोगा आहे, असे माझे ठाम मत आहे. सुमारे सात मिनिटांच्या पहिल्याच गाण्यात ग्लेन कोचीचे ड्रम अडखळत, मधेच दुसरीकडे वळत चालतात, जेफ ट्वीडी अर्धवट झोपेत असल्यासारखा गातो, आणि शेवटी चाल गोंगाटात विरून जाते. हेडफोन लावून ऐकले की लक्षात येते, हा गोंगाट वरून ओतलेला नाही. मिक्सिंग करणाऱ्या जिम ओरुर्कने प्रत्येक आवाजाला नेमकी जागा दिली आहे. त्याखालची गाणी साधी आणि गोड आहेत. व्हायोलिनच्या साथीने उलगडणारे 'जीझस, एट्सेटरा' तर पहिल्यांदा ऐकतानाच ओठांवर येते.

बहुतेक गाण्यांच्या रचनेत वाटा असलेला जे बेनेट मात्र याच काळात, मिक्सिंगवरून झालेल्या मतभेदांनंतर, बँडबाहेर गेला. चालींतला गोडवा ऐकताना त्याची आठवण ठेवायला हवी.

मला सर्वांत जवळचे वाटते ते 'पुअर प्लेसेस'. त्याच्या अखेरीस शॉर्टवेव्ह रेडिओवरच्या एका सांकेतिक प्रसारणातली बाई अल्बमच्या नावाचे तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहते आणि खरखर वाढत वाढत तिचा आवाज गिळू लागते. रेडिओची सुई फिरवताना दोन स्टेशनांमधली खरखर ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या अंगावर इथे काटा येईल. त्यानंतरचे 'रिझर्व्हेशन्स' हे शेवटचे गाणे, गायन थांबल्यावरही कित्येक मिनिटे पियानो आणि गुंजन यांवर रेंगाळते; ते थोडे आवरायला हवे होते असे मला पूर्वी वाटे, पण आता त्या खरखरीनंतर एवढी शांतता लागतेच, असे वाटते.