वायरचे दोन इअरफोन, मायक्रोपोर आणि पखवाज: वापरानंतरचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यापासून दोन वायरवाले इअरफोन आलटूनपालटून वापरतोय. एक साधा, दहा मिलिमीटरच्या एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा, म्हणजे नेहमीच्या स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर. दुसरा हायब्रिड, म्हणजे खालच्या आवाजाला डायनॅमिक ड्रायव्हर आणि वरच्याला बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे बारीक पत्तीवर चालणारा दुसऱ्या जातीचा इवलासा ड्रायव्हर. त्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून थोडी जास्त. आज माझ्या खिशात असतो तो पहिला. दुसरा भाच्याकडे गेलाय, तो त्यावर गेम खेळतो आणि खूश आहे. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. केझेड, मूनड्रॉप, ट्रुथइअर वगैरे चिनी कंपन्यांच्या या बाजारात आज घेतलेलं मॉडेल पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही इअरफोनला लागू पडतं.

ऐकतो काय, ते आधी सांगायला हवं, कारण त्याशिवाय अशा अनुभवाला अर्थ नाही. परभणी-नांदेड अप-डाऊन असतं, त्यामुळे ऐकणं बरंचसं रेल्वेत. कीर्तन, अभंग, शास्त्रीय गायन आणि तुळजापूरकडच्या गोंधळ्यांची रेकॉर्डिंग. इंटरनेटवरचे बहुतेक परीक्षक ड्रम किट आणि बेस गिटारवर इअरफोन जोखतात. आपल्या कामाला पखवाज, संबळ, टाळ-झांज आणि तंबोरा हे चौघे पुरेसे आहेत. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा म्हणजे बासची, खालच्या जाड आवाजाची, परीक्षा. संबळाची काठी पडते तो टणत्कार मधल्या पट्टीचा. टाळ-झांज वरच्या पट्टीत इअरफोनला नागवं करून सोडते. आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, नीट उलगडली तर बाकीचं सगळं ठीक आहे असं समजायचं.

पहिला इअरफोन डब्यातून काढला तसाच वापरायला लागलो. चुलतभाऊ कीर्तनाला पखवाजाची साथ करतो, त्याच्याच एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "दादा, ह्यो पखवाज न्हाई, रिकाम्या पिपावर थाप मारल्यागत वाजायलंय." ड्रायव्हरमध्ये खोट नव्हती. सोबत आलेले मधल्या मापाचे सिलिकॉनचे टिप, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोप्या, त्याच्या कानात घट्ट बसत नव्हते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उजव्या कानात बसत नव्हते.

इथेच सगळी गोम आहे. इन-इअर जातीचा इअरफोन ड्रायव्हर, नोझल (टिप ज्यावर बसतो ती पुढची नळी) आणि टिपवर संपत नाही. टिपपासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी हाही त्याचाच भाग असतो. ती बंद राहिली तर एवढासा ड्रायव्हर खालचा आवाज सहज काढतो, कारण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते, चिमूटभरच हलवायची असते. बारीक फट राहिली की दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज त्या फटीतून निसटतो. मग माणूस म्हणतो बास कमी आहे, आणि नवा इअरफोन मागवतो.

फट आहे का ते ओळखायला यंत्र लागत नाही. गाणं चालू असताना टिप बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला आणि सोडल्यावर गेला, तर माप चुकलंय. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी सामान्य आहे. माझ्या डाव्याला मधलं लागतं, उजव्याला मोठं. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते आणि टिप नीट आत जातो.

टिपचे प्रकार बरेच करून पाहिले. रुंद तोंडाच्या टिपने वरची पट्टी मोकळी होते, अरुंद तोंडाच्याने जरा दबते आणि बास पुढे आल्यासारखा वाटतो. फोमचे टिप बाहेरचा आवाज सगळ्यात चांगला अडवतात, पण झांजेची धार खातात आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात घामाने चिकट होतात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत फोम कानात ठेवून पूर्णा जंक्शनवर थांबलेल्या गाडीत बसणं हा अनुभव कुणालाही सुचवणार नाही. शेवटी मऊ सिलिकॉनचे, मध्यम तोंडाचे टिप कायम केले. तेच लावून तोच पखवाज भावाला पुन्हा ऐकवला. "आता कणीक लागली बघ," एवढंच म्हणाला. सगळ्या खटाटोपात पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक या टिपांनीच पडला.

नीट बसलेल्या टिपचा आणखी एक फायदा म्हणजे बाहेरचा खडखडाट आत येत नाही आणि आवाज कमी ठेवून भागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. डब्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत गेलं की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

आता मायक्रोपोर. मेडिकलमध्ये मिळणारा कागदी चिकटपट्टीचा रोल, ज्यातून थोडी हवा जाते. माझ्या साध्या इअरफोनला दोन बारीक छिद्रं आहेत, एक नोझलच्या बाजूला, पुढच्या कप्प्याचं आणि एक पाठीवर. पुढचं छिद्र झाकलं की बास वाढतो, कारण निसटणारी हवा अडते. पाठीमागचं झाकलं की उलट होतं. मागे कोंडलेली हवा ड्रायव्हरच्या पडद्याला अडवते आणि बास कमी होतो. लोक दोन्ही छिद्रांवर एकदमच पट्टी लावतात आणि मग काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पुढच्या छिद्रावर अर्ध्या मापाची पट्टी लावून पाहिली. पखवाजाला भरीवपणा आला, पण कानात घालताना ड्रायव्हरचा पडदा कुरकुरायला लागला. हवा कोंडून पडद्यावर दाब येतो त्याचा तो आवाज. मग त्याच पट्टीला बारीक सुईने एक भोक पाडलं. कुरकुर गेली, बास थोडा उतरला आणि तिथेच थांबलो. मायक्रोपोरची गंमत हीच की पटलं नाही तर काढून टाकता येतं. डिंक राहिला तर कापसाने हलक्या हाताने पुसायचा, पण छिद्रात ढकलायचा नाही.

नोझलमध्ये फोम भरण्याची युक्ती मात्र मला मानवली नाही. तीन ते पाच हजार हर्ट्झमध्ये माझा इअरफोन जरा ओरडा होता. गायिका वरच्या षड्जावर गेल्या की ते जाणवायचं. फोमचा तुकडा नोझलमध्ये सरकवला तर ओरडा कमी झाला, पण त्याच्याबरोबर संबळाची काठीही बोथट झाली. फोम नेमका तेवढाच भाग कापत नाही, आजूबाजूचंही घेऊन जातो. नोझलच्या जाळीवर मायक्रोपोरचा अगदी छोटा तुकडा, जाळीचा निम्मा भाग झाकेल एवढा, हे त्यातल्या त्यात बरं. मूनड्रॉपच्या चू-२ सारख्या मॉडेलला नोझल फिरवून काढता येतं, तिथे हे प्रयोग सोपे जातात. माझ्याकडच्याला ती सोय नाही.

हायब्रिडचं काय झालं? पहिले काही दिवस तो फार आवडला. झांज चकाकत होती, तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. मग लक्षात आलं की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये झांज तशीच चकाकते, ती मुळात लांब बसलेली असली तरी. आठ हजार हर्ट्झच्या आसपास एक सुळका होता, म्हणजे तेवढीच पट्टी जास्त जोरात वाजायची. जुन्या कीर्तनांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींत तर टाळांपेक्षा टेपची सरसर जास्त ऐकू यायची.

यात एक बारकावा आहे, जो इअरफोन कुठली पट्टी किती जोरात वाजवतो याचे आलेख पाहून खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. चाचणीच्या कृत्रिम कानात साधारण आठ हजार हर्ट्झला जो सुळका दिसतो, तो बऱ्याचदा नळीच्या लांबीमुळे आलेला असतो. इअरफोन खोल बसला की तो वर सरकतो, उथळ बसला की खाली येतो. तुमच्या कानात तो कुठे पडेल हे आलेख सांगू शकत नाही. हे शोधायचं तर फोनवर टोन जनरेटर घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत हळूहळू सरका. जिथे स्वर अचानक टोचतो तो तुमचा सुळका.

हायब्रिडची दुसरी खोड स्रोताची, म्हणजे तो ज्याला लावतो त्या उपकरणाची. बॅलन्स्ड आर्मेचर आणि क्रॉसओव्हरमुळे (दोन ड्रायव्हरांत खालचा-वरचा आवाज वाटून देणारं सर्किट) त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. आउटपुट इम्पिडन्स जास्त असलेल्या जुन्या लॅपटॉपला लावला की आवाजाचा तोलच बदलायचा, टाइप-सी डोंगलवर (फोनच्या चार्जिंगच्या जागी इअरफोन जोडायचा छोटा जोड) पुन्हा नीट व्हायचा. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पिडन्स बराच सपाट असतो, त्यामुळे साधा इअरफोन कुठेही लावला तरी जवळपास तसाच वाजतो. ज्यांना फोन, लॅपटॉप, ऑफिसचा कॉम्प्युटर असं सगळीकडे ऐकायचंय, त्यांनी याचा विचार करावा.

केबलवर फार शाई घालवत नाही. चांदीच्या मुलाम्याची केबल घेतली, दिसायला देखणी आहे. बत्तीस ओहमच्या इअरफोनला एक ओहमची केबल लावली तर आवाज जेमतेम पाव डेसिबलने उतरतो, बाकी तोल तसाच राहतो. केबल बदलायची ती तुटली म्हणून किंवा कपड्यावर घासून खरखर करते म्हणून. खरखरीला तर वायर कानावरून मागे घेणं हाच बहुतेकदा पुरेसा उपाय आहे.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबल जास्त वाजणारा इअरफोन कानाला आपोआप "चांगला" वाटतो, आणि वरचे निम्मे प्रयोग त्या भ्रमातच यशस्वी ठरतात. मी पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीची एकसारखी सरसर, लावून दोन्ही सारखे करायचो आणि मगच अभंग लावायचो.

आता ईक्यू, म्हणजे इक्वलायझर, आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय. बरेच जण त्याला कमीपणा मानतात, का ते मला कळलेलं नाही. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात याक्को पासानेन यांच्या ऑटोईक्यू प्रकल्पातले तयार आकडे हजारो मॉडेलसाठी मिळतात. ते बहुतेक हरमन या ऑडिओ कंपनीच्या वक्राकडे नेतात, म्हणजे शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेल्या त्या रेषेकडे. सुरुवात म्हणून उत्तम. पण इन-इअरच्या त्या वक्रात बास चांगलाच उचललेला आहे, आणि कीर्तनात बुवांच्या आवाजावर पखवाज चढून बसतो. मी बास दोन-तीन डेसिबलने उतरवला, साडेतीन हजारांच्या आसपास दोन डेसिबल कापले आणि वरचं काहीच वाढवलं नाही. नोझलमधला फोम जे करू शकला नाही ते या एका कापाने झालं, आणि संबळ शाबूत राहिलं. कुठेही वाढवलंत तर प्रीअँप, म्हणजे ॲपमधली एकूण आवाजाची पातळी, तेवढाच खाली घ्या, नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटतो. फटीतून निसटलेला बास मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका, ड्रायव्हर उगाच ताणला जातो. आधी टिप.

देखभालीचं थोडं. उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात दमट हवा, दोन्हींचा परिणाम नोझलच्या जाळीवर होतो. एका बाजूचा आवाज हळूहळू मंद झाला, विशेषतः वरची पट्टी गेली, तर ड्रायव्हर मेला असं समजू नका. जाळी ओलाव्याने किंवा मळाने बुजलेली असते. माझं तसंच झालं होतं. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत ठेवल्यावर उघडली, पुढच्या वेळी उघडली नाही म्हणून जाळीच बदलली. चिकटणाऱ्या जाळ्या पाकिटात मिळतात, फक्त नोझलचा व्यास आधी मोजून घ्या. नंतर सवयच लावली: गाडीतून उतरलं की टिप पुसायचे आणि इअरफोन खिशात न कोंबता डबीत.

केबल परत लावताना टू-पिनच्या (इअरफोनला केबल जोडणाऱ्या दोन पिनांच्या) खुणा पाहा. एका बाजूची पिन उलटी बसली तर आवाज येतो, बिघडल्यासारखंही वाटत नाही, पण गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध न राहता दोन्हीकडे विरघळतो. मोनो रेकॉर्डिंग लावून बघा, आवाज मधोमध आला तर पिना बरोबर आहेत.